पुठ्ठ्याची पाटी की दोरीचा खांब? मांजराच्या नखांसाठी, मुंबईच्या हवेत

सोफ्याच्या हाताला दोरे लोंबायला लागले की मांजर असलेल्या घरासमोर दोन पर्याय येतात. एक, पन्हळी पुठ्ठ्याची आडवी पाटी. दुसरा, घायपाताच्या दोरीने गुंडाळलेला उभा खांब. दुकानदार या दोरीला सायझल म्हणतात, पण ती शेताच्या बांधावर दिसणाऱ्या आपल्या घायपातापासूनच होते. मांजर नखं का पाजळतं, हे ही निवड करायला बसलेल्या माणसाला माहीत असतंच. मात्र त्यात नखांबरोबर अंग ताणणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवणं हेही येतं. म्हणून वस्तू कशाची आहे याइतकंच ती कुठे ठेवली आहे आणि हलते का, यालाही महत्त्व आहे. माझा निर्णय या ‘हलते का’वरच झाला.

खांबाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. मागच्या पायांवर उभं राहून पाठ पूर्ण ताणता येते ती खांबावरच. मांजर पाळणाऱ्यांच्या एका मोठ्या ऑनलाइन पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत साधे, उभे, किमान तीन फूट उंच खांब मांजरं जास्त वापरतात आणि त्यातही दोरीवर जास्त जातात, असं दिसलं होतं. घरात अंगाने लांब बोका असेल आणि त्याने आजवर दाराची चौकट, सोफ्याचा हात, पडद्याची खालची बाजू अशा उभ्याच जागा धरल्या असतील, तर पाटीचा उपयोग कमी. पायपुसणं, सतरंजी, गादीची वरची बाजू उसवत असेल तर कल आडवा. दोन-तीन दिवस नीट पाहिलं तरी हे कळतं, आणि खरेदीआधी करायचं काम एवढंच आहे.

अडचण आहे ती बाजारात मिळणाऱ्या खांबाच्या बांधणीत. बहुतेक तयार खांब जेमतेम पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर उंच असतात. आत जाड पुठ्ठ्याची नळी, तिच्या तोंडात लाकडाची गुडदी, त्या गुडदीत खालून मारलेला एकच स्क्रू, आणि तळाला कापड चढवलेली पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, फळी. मुंबईच्या घरात लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. ते पाणी फळीच्या कडेला लागतं, कड फुगते, फळी किंचित कमानीसारखी वाकते आणि स्क्रूभोवतीचा भुसा सैल पडतो. जूनमध्ये आणलेला खांब गणपतीपर्यंत डुगडुगायला लागतो. स्क्रू पिळला की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. भोकात काडेपेटीच्या काड्या आणि पांढरा गोंद भरला तरी फळीच भुसभुशीत झालेली असते, त्यामुळे पकड येत नाही.

ही डुगडुग मांजर खपवून घेत नाही. पुढचे दोन्ही पंजे वर रोवून ते अंगाचं सगळं वजन खाली ओढत असतं. त्या क्षणी खांब सूतभर जरी त्याच्याकडे कलला तरी पंजे सुटतात, कान मागे जातात आणि मांजर बाजूला होतं. पुढचा पंजा पडतो तो सोफ्यावर, कारण सोफा हलत नाही. त्यानंतर खांबावर कॅटनिप, म्हणजे मांजरांना वासाने भुरळ घालणारी वनस्पती, चोळलं तर मांजर वास घेतं, गाल घासतं, पण नखं लावत नाही. माझ्याकडच्या दोन मांजरांपुरतं बोलायचं तर एकदा कललेल्या खांबाकडे दोन्ही परत वळली नाहीत. सगळीच मांजरं इतकी हट्टी असतील असं नाही, पण विकत घेऊन कोपऱ्यात पडलेले खांब बहुधा याच कारणाने पडलेले असतात.

दोरीचीही एक तक्रार आहे. घायपाताचा तंतू ओल धरतो. ओला झाला की दोरी फुगते आणि लांबीत आखडते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकली की ढिली पडते. वेढे खाली घसरतात, मधून नळी उघडी पडते आणि सैल वेढ्यात नख अडकतं. त्याहून जपायचं म्हणजे सुटलेला धागा. लांब धागा गिळला गेला तर तो आतड्यात ताणून बसतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. लोंबणारा प्रत्येक धागा दिसताक्षणी मुळाशी कापायचा.

तरीही खांबच हवा असेल तर सुताराकडून करून घ्यावा. उंची ८० ते ९० सेंटिमीटर, खाली ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा १८ मिलिमीटर मरीन प्लाय, चारही कडांना वॉर्निशचे दोन हात, आणि खांब दोन मोठ्या स्क्रूंनी खालून आवळलेला. १० सेंटिमीटर व्यासाच्या खांबाला ८ मिलिमीटरची दोरी लावली तर एका वेढ्याला सुमारे ३४ सेंटिमीटर जाते. ८० सेंटिमीटर उंचीला असे शंभर वेढे बसतात, म्हणजे ३४ मीटर झाली. गाठींसाठी धरून ३६ आणावी. मशीद बंदर, नागदेवी भागात दोरी मिळते, पण हातात घेऊन हुंगून घ्यायची. बोटीच्या किंवा गोदामाच्या कामाच्या दोरीला तेल लावलेलं असतं, ती नको. दर पाच वेढ्यांनंतर लाकडी ठोकळ्याने वेढे खाली ठोकत जायचं, नाहीतर पुढे ते घसरणारच. जागा कमी असेल तर हीच दोरी जड टेबलाच्या किंवा पलंगाच्या पायाला गुंडाळता येते. तळाची फळीच नसल्यामुळे डुगडुगीचा प्रश्न येत नाही, आणि वन रूम किचनमध्ये खांबाची हीच तऱ्हा मला पटते.

आता पुठ्ठा. टेक्सास टेक विद्यापीठाचा मांजराच्या पिल्लांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. नखं घासायला दिलेल्या वेगवेगळ्या वस्तूंत, म्हणजे स्क्रॅचरांत, पिल्लांनी एस आकाराच्या पुठ्ठ्याच्या स्क्रॅचरला सर्वांत जास्त पसंती दिली. मोठी मांजरंही पुठ्ठ्यावर का रमतात, हे जवळून पाहिलं की उमगतं. पन्हळीच्या उघड्या नळीत नखाचं टोक अलगद शिरतं. ओढलं की नळीची भिंत थोडा विरोध करते आणि मग करकरत फाटते. तो आवाज, ती पकड आणि मागे राहणारी खूण, तिन्ही एकदम मिळतात. शिवाय कागद वास धरून ठेवतो, म्हणून तेच मांजर पुन्हा तिथेच येतं.

तयार पाट्यांचे दोष मात्र सांगायला हवेत. त्या तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या, वजनाला हलक्या, आणि गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. म्हणजे हलण्याचा दोष इथेही आहेच. फरक असा की हा दोष घरच्या घरी जातो. पाटी लाकडी चौकटीत बसवून खाली रबरी जाळीचा तुकडा घातला आणि एक टोक भिंतीला टेकवलं की ती जागची हलत नाही. पुठ्ठ्याचा चुरा पडतो, रोज पडतो. चौकटीच्या कडा पुठ्ठ्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच ठेवल्या तर बराचसा आतच राहतो. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापली की चुराही कमी होतो.

पाटी घरी करायची तर सगळं काप कोणत्या दिशेने घेतला यावर आहे. खोक्याच्या भिंतीत पन्हळी उभ्या असतात, कारण एकावर एक रचलेल्या खोक्यांचा भार त्यांनाच पेलायचा असतो. म्हणून पट्ट्या आडव्या कापायच्या, म्हणजे पट्टी उभी ठेवली की नळ्यांची तोंडं वर येतात. पन्हळीच्या दिशेनेच कापलं तर वर बंद कड येते, नख घसरतं आणि कागदाचे लांब पापुद्रे सुटतात, जे मांजर चघळत बसतं. फाइव्ह प्लायचं, म्हणजे कागदाच्या पाच थरांचं, ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचं खोकं घ्या. एका लांब बाजूच्या भिंतीतून ६ सेंटिमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात, वरच्या-खालच्या झाकणातून आणखी चार. घडीची रेघ पट्टीत येऊ द्यायची नाही, तिथे पन्हळ आधीच चेपलेली असते. दोन लांब बाजूंच्या मिळून अठरा, दोन खोक्यांच्या छत्तीस. साडेसहा-सात मिलिमीटरने एक, अशा छत्तीस पट्ट्या साधारण २४ सेंटिमीटर रुंदी भरतात. चौकट आतून ४५ बाय २४ ठेवा आणि शेवटची पट्टी जरा दाबूनच बसवा. गोंदाची गरज नाही. बिनगोंदाच्या पाटीत झिजलेली पट्टी तेवढी काढून उलटी करता येते. चिकटवायचंच असेल तर मैद्याची साधी खळ चालते, पण बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. मांजर पंजे चाटतं आणि मोरचूद विषारी आहे. पावसाळ्यात तर खळच नको, सुकायच्या आत तिला बुरशी येते.

पावसाळा हा पुठ्ठ्याचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर पाटी ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीजवळ, मोरीच्या किंवा गॅलरीच्या दाराशी ठेवू नये. आठवड्यातून एकदा अंगठ्याने दाबून पाहायचं: करकर न होता नुसतं मऊ दबलं, तर ओल शिरली. कुबट वास किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले तर सुकवत न बसता टाकून द्यायची. पन्हळीत झुरळं अंडी घालतात आणि कसरीला त्यातला स्टार्चचा गोंद आवडतो, म्हणून पंधरा दिवसांनी पाटी वर्तमानपत्रावर उलटी आपटून पाहावी. दाण्याएवढी तपकिरी कुपी पडली तर ती झुरळाच्या अंड्यांची. अशा वेळी स्प्रे किंवा झुरळांचा खडू पाटीजवळ न्यायचा नाही. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत. डांबरगोळ्याही तितक्याच वाईट. आणि मांजराला गजकर्ण झालं असेल तर बरी दिसणारी पाटीही घरात ठेवायची नाही, कारण पुठ्ठा धुता येत नाही.

म्हणजे पावसात दोन्ही वस्तू खराब होतात. पण खांब खराब झाला की तो इतका महाग पडलेला असतो की आपण स्क्रू पिळत, दोरी ओढत महिने काढतो, आणि तेवढ्या काळात सोफा जातो. पुठ्ठा टाकताना हात अडखळत नाही. कोरडा असेल तर रद्दीवाला नेतो, ओला झाला असेल तर कचऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या. माझ्या घरी पावसाळ्यात पाटी दर महिन्याला बदलते, एरवी दोन-अडीच महिने जाते. ज्यांच्याकडे कोरडी, हवेशीर जागा आहे आणि चांगला सुतार ओळखीचा आहे, त्यांनी खांब जरूर करावा. बाकी बहुतेक फ्लॅटांत मी आधी चौकट आणि पुठ्ठाच सुचवेन.

बसायचं खोकं याहून वेगळं आणि ते दोन्ही पर्यायांबरोबर हवंच. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या दहांना लपायला खोकं दिलं होतं, त्यांच्यावरचा ताण पहिल्या दिवसांत इतर नऊ जणांपेक्षा लवकर उतरला. नवं मांजर आणताना किंवा घर बदलताना हे उपयोगी पडतं. उबेचा भागही आहे: अंगाचं तापमान राखायला वेगळी मेहनत पडू नये यासाठी मांजराला ३० ते ३८ अंश लागतात, त्यामुळे एसी लावलेल्या खोलीत ते खोक्यात शिरतं आणि मेमध्ये तेच खोकं सोडून लादीवर पसरतं. मेमध्ये खोकं रिकामं दिसलं म्हणून ते काढून टाकू नये.

खोकं औषधाच्या दुकानातलं सर्वांत बरं, स्वच्छ आणि बिनवासाचं. साबण, फिनेल, अगरबत्तीचं नको. हापूसची पुठ्ठ्याची पेटी मापाने छान आणि हवेच्या भोकांची असते, पण फळ पिकवायला ठेवलेली पुडी आत राहिलेली नाही ना ते पाहायचं. सगळ्या पिना आणि चिकटपट्ट्या काढायच्या, घड्या उघडून तपासायच्या आणि एक दिवस उन्हात ठेवायचं. दोन मांजरं असतील तर समोरासमोर दोन दारं कापायची, म्हणजे आतलं मांजर कोंडलं जात नाही. खोक्यात एकदा लघवी झाली की ते पुसून वापरू नये. वास आत मुरतो आणि मांजर तिथेच परत करतं.

पाटीच्या पट्ट्या बदलताना सगळ्या एकदम बदलू नका. जुन्यांपैकी आठ-दहा पट्ट्या मधोमध राहू द्या, त्यांच्यावर मांजराचा वास असतो. नव्या पट्ट्यांवर नखं लागलेली दिसली की मग त्या काढा. पहिल्यांदाच पाटी आणत असाल तर ती रिकाम्या कोपऱ्यात नको. ज्या सोफ्याच्या हाताला दोरे लोंबताहेत, त्याला लावूनच ठेवा आणि तो हात दोन आठवडे जाड चादरीने झाकून घ्या. मांजर पाटीवर रुळलं की ती रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्यायची.