सेनेसन्स बीटा-गॅलॅक्टोसिडेज स्टेनिंग किट (सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजी, क्र. ९८६०): वापरण्याआधी वाचा

सेनेसन्ट, म्हणजे विभाजन कायमचं थांबलेल्या पण जिवंत पेशी मोजायच्या म्हटलं की बहुतेक प्रयोगशाळा या किटपासूनच सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. पद्धत सोपी, रंग स्पष्ट, खास यंत्र काही लागत नाही. मात्र द्रावणाचा पीएच (आम्लता) सांभाळला नाही, तर हेच किट धडधडीत खोटं सांगतं.

डीएनएला इजा, ऑक्सिडेटिव्ह ताण, आखूड झालेले टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) यांमुळे पेशीत विभाजन रोखणाऱ्या प्रथिनांचे पी५३-पी२१ आणि पी१६ हे मार्ग जागे होतात. पेशीचं विभाजन कायमचं थांबतं, पण ती मरत नाही. उलट आयएल-६, आयएल-८ ही दाह वाढवणारी प्रथिनं आणि आजूबाजूचं जाळं तोडणारी प्रोटिएज एन्झाइम बाहेर सोडत राहते. वय वाढतं तशा अशा पेशी साचतात आणि शेजारची धडधाकट ऊतीही बिघडवतात. त्यांच्यात लायसोसोम (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्या) वाढलेले असतात, म्हणून एरवी पीएच ४ ते ४.५ ला जोमाने चालणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे त्यांतलं एन्झाइम त्यांच्यात पीएच ६ लाही दिसून येतं. १९९५ मध्ये ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने ही चाचणी मांडली. किट त्याच तत्त्वावर चालतं.

सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणासाठी १ मिली मिश्रण पुरतं: १एक्स स्टेनिंग द्रावण ९३० मायक्रोलिटर, किटमधली ए आणि बी द्रावणं प्रत्येकी १०, आणि २० मिग्रॅ/मिली एक्स-गॅल (हे एन्झाइम तोडतं तेव्हा निळा रंग देणारं रसायन) ५०. पेशी पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) धुऊन १० ते १५ मिनिटं फिक्स करायच्या, म्हणजे रसायनाने आहे तशा स्थिर करायच्या, दोनदा धुवायच्या, मिश्रण घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या. फिक्सिंग लांबलं की एन्झाइमच निकामी होतं आणि रंग फिका येतो.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: प्लेट सवयीने सीओ२ इनक्युबेटरमध्ये जाते. सीओ२ विरघळून द्रावणाचा पीएच उतरतो आणि तरुण पेशीही निळ्या होतात. साधा कोरडा इनक्युबेटरच हवा. मिश्रण तयार झाल्यावर पीएच मीटरवर तपासा; ५.९ ते ६.१ च्या बाहेर गेलं तर दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका. कोरड्या हवेत द्रावण आटतं, म्हणून प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा. निळ्या सुया दिसल्या तर ते एक्स-गॅलचे स्फटिक, पेशींशी त्यांचा संबंध नाही. १०एक्स (दहापट तीव्र) स्टेनिंग द्रावण ३७ अंशांवर पूर्ण विरघळवून घेतलं आणि मिश्रण गाळलं की हा त्रास बराच कमी होतो. एक्स-गॅल डीएमएफ या द्रावकात विरघळवताना नळी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पॉलिस्टायरीन विरघळतं.

निळा रंग म्हणजे सेनेसन्स, असा थेट निष्कर्ष मात्र काढू नये. दाटीने वाढलेल्या, सीरमशिवाय ठेवलेल्या पेशी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही निळ्या होतात. म्हणून प्रत्येक वेळी त्याच घनतेच्या तरुण पेशींचा कंट्रोल हवाच, शिवाय डॉक्सोरुबिसिन (डीएनएला इजा करणारं कर्करोगाचं औषध) किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने ताण दिलेला पॉझिटिव्ह कंट्रोल. औषध दिल्यावर काही दिवस थांबावं लागतं, दुसऱ्याच दिवशी डाग शोधण्यात अर्थ नाही. जोडीला पी२१, पी१६ आणि ईडीयू (नवा डीएनए बनवणाऱ्या पेशी दाखवणारी खूण) यांपैकी निदान दोन तपासण्या कराव्यात.

ऊतींवर किटची मर्यादा लगेच कळते. पॅराफिन ब्लॉकमध्ये एन्झाइम टिकत नाही, त्यामुळे जुने पॅथॉलॉजी नमुने बाद. ताज्या गोठवलेल्या ऊतींचे पातळ काप लागतात आणि ते कापले की लवकर रंगवावे लागतात.

अधूनमधून चाचणी करणाऱ्यांनी किट जरूर घ्यावं. दर आठवड्याला लागत असेल, तर सायट्रेट-फॉस्फेट बफर, फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड यांची द्रावणं आपल्या प्रयोगशाळेतच बनवणं परवडतं. कृती उघड आहे. प्लेट लगेच मोजता येणार नसेल, तर मिश्रण काढून ७० टक्के ग्लिसरॉल घाला आणि ४ अंशांवर ठेवा, रंग टिकतो.