आठ महिने एअर रायफल: छर्रा सैल, नेम वाकडा

दिवाळीत घेतलेली ही पॉइंट १७७ ची (म्हणजे ०.१७७ इंच, साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याची), नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली रायफल. परभणीत माझी रेंज म्हणजे काकांचं सरकीचं रिकामं गोदाम. दहा मीटरवर टार्गेट, मागं वाळूची पोती आणि पोत्यांवर आजीची जुनी गोधडी.

पहिले दोन महिने खुशीत गेले. पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे. संक्रांतीनंतर बिघडलं. दोन आत, तिसरा डावीकडं खाली, परत दोन आत. दुकानदार म्हणाला, "दादा, हात हलत असंल." लेकीनं मारून बघितलं, तिचंही तेच. म्हणजे हात दोघांचेही हलत होते म्हणायचे!

आधी दस्त्याचे स्क्रू बघितले. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी बसतो, त्यानं स्क्रू ढिले होतात. पुढचे दोन अर्धा आटा सैल निघाले. आवळले, फरक थोडाच. मग नळी जिथं मिटते त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून मारलं, तर पट्टी फडफडली. हवा गळत होती. वॉशर बदलला. तिसरा पराक्रम माझाच: हवा दाबली जाते त्या भागात दोन थेंब तेल सोडलं. पुढच्या चार शॉटला फटाक्यासारखा आवाज आणि नळीच्या तोंडातून धूर. तेल आतल्या दाबानं पेट घेत होतं आणि छर्रे कुठंही जात होते. असलं काही करू नका.

खरं दुखणं अंगठ्याला कळलं. संक्रांतीच्याच सुमारास मी छर्ऱ्यांचा स्वस्तातला डबा आणला होता, छर्ऱ्याच्या डोक्याच्या मापाचा आकडाच नसलेला. त्यातले काही छर्रे नळीत आपोआप घसरायचे, काही नखानं दाबावे लागायचे. सैल छर्रा पुरता दाब साठायच्या आत हलतो आणि वेग दर शॉटला बदलतो. त्यात छर्रा नळीत असतानाच रायफल झटका खात असते, त्यामुळं तो थोडा लवकर किंवा उशिरा सुटला की दिशाही बदलते. मोठ्या रायफलवाले काडतुसाच्या गळ्याची पकड म्हणतात, त्याचंच हे धाकटं भावंड: गोळी दरवेळी सारखी धरली गेली नाही की वेग सारखा राहत नाही.

मग डोक्याचं माप ४.५०, ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर असलेले तीन डबे आणले. माझ्या नळीला ४.५१ मानवला, तुमच्या नळीला दुसरं माप लागू शकतं. लेक काचेच्या पाटीवर छर्रे घरंगळवते. ज्याचा मागचा घेर चेपलेला, तो लटपटत जातो. पाचशेच्या डब्यातून चाळीसेक बाजूला पडतात. (शिसं आहे, नंतर हात साबणानं धुवा.) ग्रुप, म्हणजे पाच छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, परत नाण्याखाली आला. स्पर्धेच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, तिथवर आमची मजल नाही.

तक्रार एकच, घोडा जड आहे. अर्ध्या तासात बोट दुखतं आणि लेक वैतागते.

रविवारी नवा डबा फोडला. पहिल्या दहातले दोन सैल निघाले. ते जुन्या डबीत टाकले. ती डबी पाहुण्यांच्या लेकरांसाठी आहे, पत्र्याचे डबे पाडायला.