पातळीनुसार गट: सोलापुरातल्या मोफत संध्याकाळच्या वर्गात काही महिने वापरल्यावर

पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या मोफत वर्गात जूनपासून इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवतोय. पद्धत ‘प्रथम’ संस्थेची, जुनीच. चाचणीचं कार्ड ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत असतं त्याच धर्तीचं. तिसरी ते पाचवीसाठी ही पद्धत बिनधास्त घ्या. सातवी-आठवीचं मात्र एवढ्यावर भागत नाही.

चाचणी एकेकाची, बाजूला बसवून. सुरुवात पहिलीच्या तोडीच्या चार वाक्यांच्या उताऱ्याने. मुलाने तो सलग, वाक्यासारखा वाचला आणि चुका तीनपेक्षा जास्त नसल्या, तर दुसरीच्या तोडीची गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्द. पाचपैकी चार यायला हवेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, तिथेही तोच हिशोब. गणितात आधी हातच्याच्या दोन वजाबाक्या, दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. कार्डाचे तीन-चार वेगवेगळे नमुने ठेवा, नाहीतर रांगेतली मुलं ऐकून ऐकून उतारा पाठ करतात.

खरी फसगत एका सुरात वाचून घेताना होते. वीस मुलं मोठ्याने वाचतायत म्हणून वर्ग छान चाललाय असं वाटतं. प्रत्यक्षात सहा-सात जण शेजाऱ्याच्या अर्धा शब्द मागून ओठ हलवत असतात. उपाय एकच: बोट शब्दाखाली, आणि मधूनच कुणाला तरी थांबवून ‘तुझं बोट कुठाय?’ विचारायचं. जोडाक्षरांत रफार सगळ्यात जास्त छळतो. ‘पर्वत’ हा शब्द मुलं ‘पवर्त’ वाचतात, कारण रफार दिसतो ‘व’च्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. पर्वत, सूर्य, मार्ग, दर्शन असे दहा शब्द फळ्यावर लिहून रफार रंगीत खडूने काढला की आठवड्याभरात फरक दिसतो. ‘प्रवास’ आणि ‘ट्रक’ त्याच दिवशी घेऊ नका, ‘र’च्या तीन वेगळ्या खुणांची खिचडी होते.

आकड्यांचा गोंधळ इथे वेगळा आहे. घरी तेलुगू बोलणारी मुलं पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी, पाच नंतर. कन्नडमध्येही क्रम तोच. त्यामुळे ‘पंचवीस’ ऐकलं की वहीत ५२ उमटतात. ‘एकोणतीस’ला तर सर्रास ३९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आणलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली. आमच्या वर्गाला मात्र ते फार उपयोगी पडलं. आधी ‘वीस पाच’, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, मग ‘पंचवीस’. विड्यांचं बंडल पंचवीसचं असल्यामुळे चार बंडलं म्हणजे शंभर हे बऱ्याच मुलांना तोंडपाठ असतं. भागाकार तिथूनच सुरू करावा. उर्दू माध्यमातल्या मुलांची वाचनचाचणी उर्दू कार्डावरच घ्या. मराठी कार्ड दिलं तर उर्दू चांगलं वाचणारं मूलही अक्षरांच्या गटात जाऊन बसतं.

गटांना ‘कच्चा’, ‘पक्का’ अशी नावं चुकूनही देऊ नयेत. पाचवीचा मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला नाखूश असतोच, त्यात नाव लागलं की यायचा बंद. महिन्याने फेरचाचणी घेऊन गट हलवले तर तो टिकतो. फेरचाचणी टाळली की गट म्हणजे नवी इयत्ताच होते.

पालकांची मागणी एकच असते, गृहपाठ पुरा करून घ्या. साफ नाही म्हटलं तर मुलं पैसे देऊन दुसऱ्या शिकवणीला जातात. शेवटची वीस मिनिटं गृहपाठाला ठेवा, पण सुरुवातीला कधीच नको, पूर्ण वेळ तोच खातो.

हजेरीचं गणित वस्तीवर ठरतं. विड्यांचा माल पुरा करायचा असेल त्या संध्याकाळी मोठ्या मुली घरी वळायला बसतात. नळाला पाणी येण्याच्या दिवशी निम्मा वर्ग घागरींपाशी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नवीन धडा सुरू करण्यात अर्थ नाही, उजळणी घ्यावी. शिकवणारी कॉलेजची मुलं त्यांच्या परीक्षांच्या काळात गळतात. प्रत्येक गटाला दोन जण नेमले नाहीत तर गट बंद पडतो.

आठवीसाठी वेगळा तास लागतोच, मुख्यतः एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. अभ्यासापेक्षा उत्पन्नाचा दाखलाच जास्त अडवतो, त्यामुळे तहसीलचं काम शाळा सुरू होतानाच उरकावं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिला आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं, आणि त्यावरचं नाव आधार व बँकखात्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. तेलुगू आडनावांची स्पेलिंगं तिन्ही कागदांवर तीन तऱ्हेची सापडतात. फॉर्म भरायच्या आधी ती दुरुस्त करून घ्या.