द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर : नवतप्यात वाचलेलं पुस्तक

किम स्टॅनली रॉबिन्सनची ही कादंबरी २०२० ची, मी यंदा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, वाचली. पहिल्याच प्रकरणात उत्तर प्रदेशातल्या एका गावात उष्णतेची लाट येते, लाइन जाते, दवाखान्यातला एसी अन् जनरेटर काही जण बंदूक दाखवून उचलून नेतात, शेवटी लोकं तळ्यात उतरतात तर पाणीच अंगापेक्षा गरम. या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. सायन्स फिक्शन म्हणा, पण भर मे मध्ये डीपी जळाली की काय हाल होतात ते आमच्या इकडं लेकराले पण माहीत आहे.

यातली वेट बल्बची गोष्ट प्रत्येकानं समजून घ्यावी अशी आहे. ४६-४७ तर आम्ही दरवर्षी काढतो, आपल्याले काय होते, असं सगळेच म्हणतात. पण आपली गर्मी कोरडी आहे म्हणून घाम वाळते अन् अंग थंड राहते, कूलरही त्याच भरवशावर चालते. मिरगाच्या तोंडावर ढग आले की तेच कूलर नुसती चिपचिप फेकते, ताट्या नव्या टाका का पाणी बदला फरकच पडत नाही, अंगाचंही तसंच होते. थर्मामीटरच्या बल्बले ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येते तोच वेट बल्ब, तो ३५ वर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासात जाते. बातम्यात फक्त कमाल तापमान सांगतात, अन् इकडं सरकी टोबायला बाया दिवसभर वावरात असतात, त्यायच्यासाठी हा आकडा गावोगावी सांगितलाच पाहिजे.

पुढं त्या नावातल्या मिनिस्ट्रीचं झुरिकचं ऑफिस, बँकवाले, कार्बन कॉइन (कार्बन हवेत जाऊ न देणाऱ्याले मिळणारं चलन), हे लय संथ. भारत मात्र ऊन अडवायला विमानातून वर सल्फर डायऑक्साइड सोडते तो भाग जबरदस्त, १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा पृथ्वी जवळपास अर्धा डिग्री थंड झाली होती, तोच हिशोब. पण त्यानं पावसाचं काय होईल हे मला अजून खोलात पाहिजे होतं, कोरडवाहूवाल्याचा पहिला प्रश्न तोच असते. अन् एवढं गाव मरते तरी आपल्या लक्षात राहते तो वाचलेला अमेरिकन फ्रँक, गावातलं एकही माणूस नीट ओळखीचं होत नाही, हे खटकलंच.

५ पैकी ४. प्रकरणं शंभरावर आहेत पण छोटी छोटी, मीटिंगवाली गाळली तरी चालते. लहान पोट्ट्यांच्या हाती मात्र देऊ नका, सुरुवातच झेपणार नाही त्यांले.