घोडीची झेब्रा-पट्टी झूल : सहा महिने वापरून, आणि ती पोटाखालची क्लिप

पोटाखालची क्लिप तुटली म्हणून हे लिहायला बसलोय. माप, रंग, कापड हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच, ते परत लिहीत नाही. माशा चावू नयेत म्हणून घोडीला घालायची जाळीची झूल, काळे-पांढरे पट्टे, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत. ₹३,८५० मोजले. आईने एकच वाक्य ऐकवलं, "घोडीला मच्छरदाणी? आम्हाला कधी घेतलीस?"

आमचा गोठा ठाण्याकडे शीळफाट्याजवळ, खिडकाळीच्या बाजूला. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली चार भातखाचरं. दोन खिल्लार बैल आणि एक कुमैत घोडी. वरातीला सगळ्यांना पांढरी घोडीच लागते, म्हणून ही तांबडी आम्हाला स्वस्तात पडली. तेव्हा वाचलेले पैसे माशांनी आता वसूल केले, ते कसं ते पुढे येतंच.

गेल्या वर्षी घोडीला सर्रा झाला, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार. ताप यायचा, उतरायचा, आठवड्याने परत यायचा. पायांना आणि पोटाखाली सूज, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. डॉक्टरांनी रक्त तपासून इंजेक्शन दिलं आणि निघताना म्हणाले, "घोडमाशीचा बंदोबस्त करा, नाहीतर परत मला बोलवाल." घोडमाशी सुईसारखी टोचत नाही, कातरते. रक्ताचा ओघळ येतो आणि ती तो चाटत बसते. शेपटीने उडवली की तोंडाला लागलेल्या रक्तासकट शेजारच्या जनावरावर. रोग पसरतो तो असा. चावणारी फक्त मादी, नर बिचारा फुलांवर जगतो. खाचराच्या चिखलात यांची पैदास, त्यामुळे पाऊस उघडून ऊन पडलं की आमच्याकडे रांग लागते.

भाच्याने मोबाईलवर दाखवलं की झेब्र्याच्या पट्ट्यांवर ही माशी नीट बसूच शकत नाही. इंग्लंडात घोड्यांना तशा झुली घालून पाहिलं होतं, २०१९ साली. माशा जवळ येतात, पण उतरताना वेगच कमी करत नाहीत, आपटून निघून जातात. जपानात त्याच वर्षी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले तर चावे निम्म्यावर आले. २०२५ मध्ये त्या लोकांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. मी नुसताच हसलो आणि ऑर्डर टाकली.

पहिल्या आठवड्यात मी खरंच मोजलं. झूल नसताना दुपारी दहा मिनिटांत अंगावर बसलेल्या घोडमाशा एकोणीस. झूल घातल्यावर पाच, त्यातल्या तीन मानेच्या वर, जिथे झूल पोचतच नाही. इंग्लंडातल्या घोड्यांच्या उघड्या डोक्यावर काही फरक पडला नव्हता म्हणतात, तर तेही जुळलं. इथपर्यंत मी खूश.

आता क्लिप. छातीवर दोन, पोटाखाली दोन, चारही प्लास्टिकच्या, पोराच्या दप्तराला असतात तशा. एवढे पैसे घेऊन प्लास्टिक! बेचाळिसाव्या दिवशी घोडीने पोटावरची माशी उडवायला मागचा पाय वर घेतला, खूर पोटाखालच्या बांधायच्या पट्ट्यात गेला आणि क्लिप फाटकन गेली. म्हणजे माशीपासून वाचवणारी वस्तू माशीनेच तोडली. कस्टमर केअरला फोन केला. समोरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पेटचं वजन किती आहे?"

म्हटलं, "साडेतीनशे किलो."

थोडा वेळ शांतता. मग, "सर, डॉग आहे ना?"

पुढचे अकरा दिवस ईमेल, फोटो, परत फोटो, "पट्ट्याचा क्लोजअप पाठवा", आणि शेवटी उत्तर : क्लिप सुटी मिळत नाही, नवी झूल घ्या, दहा टक्के सूट देतो. ज्याने कोणी हा नियम केला असेल त्याने आयुष्यात चपलेचा अंगठा शिवून घेतलेला नसावा. एक स्टार. तोही जाळीसाठी.

(इथपर्यंत ऑगस्टात लिहून ठेवलं होतं, रागात. आता डिसेंबर उजाडलाय, बरंच बदललंय, म्हणून पुढे लिहितो. वरचं खोडत नाही.)

जांभळी नाक्यावरून मी लोखंडी कडी आणि जाड निवार आणली, चांभाराकडून शिवून घेतली. हत्ती बांधला तरी सुटणार नाही असं काम. डॉक्टर लसीला आले, त्यांनी ते पाहिलं आणि मला झापलं. "पाय अडकला आणि हे तुटलं नाही तर काय तुटेल? घोडीचा पाय! पट्टा तुटला हेच नशीब समजा." प्लास्टिक मुद्दाम ठेवलंय की पैसे वाचवायला, ते त्या कंपनीलाच माहीत. पण मुद्दाम असेल तर पानावर एक ओळ लिहायची होती, माझे अकरा दिवस वाचले असते. कडी काढली. आता पोटाखाली सुतळी बांधतो. जोर आला की तुटते, परत बांधतो. दहा रुपयांचा गुंडा महिनाभर जातो.

दुसरी गोष्ट पायांची. झूल घालूनही घोडी दिवसभर पाय आपटत होती, नाल ढिली होईपर्यंत. मला वाटलं, झुलीचा प्रभाव उतरला. एक दिवस पुढच्या पायावर बसलेली माशी झटक्यात पकडली आणि मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला. घरातल्या माशीसारखीच, तेवढीच, पण तोंडातून पुढे सरळ काळी सुई. भिंतीवर बसलेल्यांकडे मग नीट पाहिलं, बहुतेक डोकं वर करून बसलेल्या. ही चावरी माशी. नर-मादी दोघंही रक्त पितात आणि त्यांना पायच आवडतात. पट्ट्यांचं त्यांना काय, पाय उघडेच आहेत. म्हणूनच मी टांगलेल्या गुळाच्या सापळ्यात रोज वाटीभर माशा मरायच्या आणि पाय आपटणं थांबत नव्हतं : गुळाला येते ती साधी माशी, हिला गूळ नको, रक्त हवं.

आणि ही कुठून येत होती? कचऱ्याच्या गाड्यांना मी दोन महिने शिव्या दिल्या. निघाली आमच्या गव्हाणीमागून. गव्हाणीतून सांडलेला पेंढा, त्यावर मूत, पावसाचं पाणी, थोडं शेण, असा हातभर थर. फावड्याने उपसला तर खाली अळ्यांची वळवळ. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आता दर रविवारी तो कोपरा कोरडा करतो, ओला पेंढा लांब उन्हात पसरतो. तीन आठवड्यांत पाय आपटणं इतकं कमी झालं की आई म्हणाली, घोडी आजारी आहे का, गप्प उभी आहे. याचा खर्च शून्य.

झुलीखाली एक भलतंच निघालं. शेपटीच्या मुळाशी चपटी, चिवट माशी, खेकड्यासारखी तिरकी पळणारी. चिमटीत दाबली तरी मरत नाही, नखाने चिरडावी लागते. जाळीच्या आत तिला उलट आयताच आडोसा मिळतो. म्हणून रोज झूल काढून खरारा करताना शेपटीखाली हात फिरवायचा. ज्यांना घालून विसरायचंय त्यांनी घेऊ नये.

बैलांनाही घ्यावी का, असं शेजारच्या वाड्यातल्या काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. खिल्लार आधीच पांढरा, आणि पांढऱ्या घोड्यांवर घोडमाशी कमी का बसते हे हंगेरीतल्या लोकांनी शोधलंय. गडद, चकचकीत अंगावरून परतणारा उजेड तिला पाण्यावरच्या चमकेसारखा खेचतो, पांढऱ्यावरून तसा परतत नाही. २०१६ चं इग नोबेल त्यांचंच. वीस पावलांवर उभे असलेले माझे दोन बैल पावसाळाभर शांत रवंथ करत होते आणि तांबडी घोडी नाचत होती, हे मी डोळ्यांनी पाहून कधी जोडलं नव्हतं. वरातवाल्यांना पांढरीच घोडी का हवी असते ते माहीत नाही, पण माशांच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे.

तर आता साडेतीन स्टार. अर्धा त्या दहा टक्के सवलतीच्या ईमेलसाठी कापलाय, एक सुटी क्लिप विकत नाहीत म्हणून. पुढच्या जूनपर्यंत झूल धुऊन माळ्यावर. जाळी दोन ठिकाणी फाटली आहे, आईने मच्छरदाणीच्या तुकड्याचं ठिगळ लावलंय.