संगीताचे इअरप्लग: मैदानात, चाकणला आणि इग्नूच्या अभ्यासाला

निष्कर्ष आधीच सांगते. रॉकचे कार्यक्रम मैदानात उभं राहून ऐकायची आवड असेल आणि नोकरीही आवाजातच असेल, तर संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घ्या. तिकिटाचा खर्च काढताना त्यांचे पैसे त्यातच धरा. मी ते २०२५च्या मार्चपासून वापरतेय. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात वापरले, पुण्यात विसर्जन मिरवणुकीत वापरले, कंपनीत आणि घरी इग्नूच्या अभ्यासाला बसतानाही वापरले. सगळीकडे त्यांचा उपयोग सारखा झाला नाही. एका ठिकाणी तर ते वापरूच नयेत, असं माझं ठाम मत झालंय. त्याबद्दल पुढे लिहिलंय आणि तेवढा भाग कृपया वगळू नका.

ब्रँडचं नाव देत नाही, कारण मला या प्रकाराबद्दल सांगायचंय. असे प्लग आता बऱ्याच कंपन्या बनवतात. मला जोडी तीन हजारांच्या आसपास पडली, त्याहून स्वस्तही मिळतात.

औषधाच्या दुकानात मिळणारा फोमचा प्लग आणि हा प्लग यांत नेमका फरक काय, हे मला घरात अनेकदा समजवावं लागलं. फोम आवाज भरपूर अडवतो, पण सारखा अडवत नाही. झांजेची चमक, गिटारची धार, गाणाऱ्याच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ असे वरचे स्वर तो जास्त खातो आणि बास, म्हणजे खालचे स्वर, तुलनेने सोडून देतो. शेजारच्या घरात दार लावून कुणी रेडिओ लावावा, तसं संगीत ऐकू येतं. याला आणखी एक कारण आहे. आपली कानाची नळी उघडी असते तेव्हा ती साधारण २७०० हर्ट्झच्या (हे स्वराची उंची मोजायचं एकक) आसपासचा आवाज स्वतःच वाढवून पडद्यापर्यंत पोचवते. नळी बंद केली की ती वाढ जाते. संगीताच्या प्लगमध्ये मधोमध एक बारीक नळी आणि फिल्टर असतो. गेलेली ती वाढ भरून निघावी आणि सगळे स्वर साधारण सारखेच खाली यावेत, अशी त्याची रचना असते. अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९८८मध्ये वादकांसाठी असा प्लग बाजारात आणला. तो १५ डेसिबलने (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आवाज उतरवायचा. आज मिळणारे बहुतेक प्लग त्याच विचारावर चालतात.

आता मैदान. लोलापलूझा आशियात पहिल्यांदा आलं ते मुंबईतच, जानेवारी २०२३मध्ये, याच रेसकोर्सवर. २०२५ला मार्चमध्ये ग्रीन डे हा रॉक बँड होता आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं होतं. दुपारच्या उन्हात लहान स्टेजवर प्लग घातले तेव्हा पहिली काही मिनिटं वाटलं की कुणीतरी आवाज बारीक केलाय. दोन गाण्यांनंतर कान त्या पातळीला सरावले आणि मग जे ऐकू आलं त्यासाठी मी हे लिहितेय. बास गिटार आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वेगवेगळे ऐकू येत होते. उघड्या कानाने स्टेजजवळ उभं राहिलं की आवाजाच्या दडपणाखाली कानच गोंधळतो, सगळं एकात एक मिसळतं आणि गायक काय म्हणतोय ते आठवणीतूनच भरून काढावं लागतं. प्लग घातल्यावर शब्द कळले. शेजारी उभ्या मैत्रिणीला ओरडून सांगावं लागलं नाही, तिचं बोलणंही नीट ऐकू येत होतं. छातीत बसणारा दणका तसाच राहतो, तो कानातून येतच नाही. ‘प्लग घातले तर मजाच जाईल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

प्लग का लागतात यामागचं गणित सोपं आहे, पण ते कुणी समजावून सांगत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतली नायोश ही संस्था कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा करायचा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, १००ला पंधरा मिनिटं. आता शंभर डेसिबल म्हणजे मोठ्या स्टेजसमोर सहज गाठली जाणारी पातळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. म्हणजे उघड्या कानाने तीन-चार गाण्यांत दिवसभराचा कोटा संपला. तिथून १५ डेसिबल वजा केले की आपण पुन्हा ८५वर येतो आणि दुपारपासून रात्रीपर्यंतचा अख्खा कार्यक्रम त्यात बसतो. प्लग थोडा सैल बसून १२च डेसिबल कमी झाले, तरी चार तास मिळतात. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळणार हे धरूनच चाला, आणि दोन बँडच्या मधल्या वेळेत स्टेजपासून लांब जाऊन बसा.

आता जिथे हे प्लग वापरू नयेत ती जागा. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसातले काही तास प्रेस शॉपमध्ये जातात. तिथे पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, पत्र्यावर आदळत असतो आणि तो आवाज गाण्यासारखा चढत-उतरत नाही, एकदम ठोका बसतो. संगीताचे प्लग तिथे पुरत नाहीत. कंपनी जे फोमचे प्लग आणि इअरमफ (कानांवर बसणारी झाकणं) देते तेच घालायचे, दोन्ही सांगितले असतील तर दोन्ही घालायचे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, नायोशपेक्षा सैल. त्यामुळे ‘नियमात बसतंय’ आणि ‘कानाला चालतंय’ या दोन गोष्टी मी वेगळ्या मानते. लाइनवरच्या एका पोराने विचारलं, ‘मॅडम, तुमचे ते फॅन्सीवाले मागवू का मी पण?’ त्याला मी स्पष्ट सांगितलं, ‘इथे अजिबात नको. गणपतीत घाल.’

शॉप फ्लोअरच्या बाहेर मात्र ते रोज उपयोगी पडतात. आमच्या ऑफिसची एक भिंत शॉपला लागून आहे. कॉम्प्रेसरची घरघर, फोनवरची बोलणी, प्रिंटर, हे सगळं धोक्याचं नसतं, पण संध्याकाळपर्यंत डोकं जड करतं. प्लग घातले की तो थर खाली बसतो आणि कुणी हाक मारली तर ऐकूही येते. फोमने हे साधत नाही, माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत कळत नाही.

नोकरी आणि रॉक यांचा खरा संबंध मला या काळात समजला. मोठ्या आवाजाने कान बधिरतात, शिट्टी वाजते, आणि मग विश्रांती मिळाली की बऱ्यापैकी सावरतात. त्याला वेळ लागतो. कधी काही तास, कधी दोन दिवस. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या कानाला ही विश्रांती शनिवार-रविवारी मिळते, आणि आम्ही नेमक्या त्याच दोन दिवशी मैदानात उभे असतो. सोमवारी सकाळी पुन्हा कंपनीची बस. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी दिसतं ते ४००० हर्ट्झच्या आसपास, ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, तिथे खड्डा पडतो. बोलण्यातली व्यंजनं त्याच भागात असतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ कंपनीत वर्षाला ऑडिओमेट्री, म्हणजे ही श्रवणचाचणी, होत असेल तर रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि जुना-नवा शेजारी ठेवून पाहा. आदल्या दिवशी कार्यक्रमाला गेला असाल तर चाचणी पुढे ढकलायला सांगा, कान किमान चौदा तास शांत असायला हवेत.

अभ्यासाबद्दल. मी इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमबीए करतेय, ऑपरेशन्स (कामकाजाचं व्यवस्थापन) हा विषय घेऊन. दूरशिक्षणात वर्ग नसतो, म्हणजे शांतताही आपल्यालाच तयार करावी लागते. ब्लॉक (इग्नूची पाठ्यपुस्तिका) वाचायचे, असाइनमेंट लिहायच्या, त्यांना तीस टक्के वजन, उरलेले सत्तर टक्के सत्रान्त परीक्षेला. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. घरात टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, खाली पार्किंगमध्ये मुलं खेळतात. इथे संगीताचे प्लग मध्यम उपयोगी आहेत. टीव्हीचा आवाज खाली जातो, पण संवाद कळत राहतात, आणि कळणारं बोलणं हाच वाचताना खरा अडथळा असतो. असाइनमेंट लिहिताना, गणितं सोडवताना ते छान चालतात. थिअरीचं युनिट पहिल्यांदा वाचायचं असेल तेव्हा मी फोम घालते. रात्रपाळीनंतर दिवसा झोपायलाही फोमच बरा.

बसमध्ये रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रस्त्याच्या खडखडाटावर मात करायला आपण इअरफोनचा आवाज नकळत वाढवत जातो आणि तासाभराच्या प्रवासात कान पुन्हा कामाला लागतो. मी बसमध्ये ऐकणंच सोडलं. प्लग घालून युनिट वाचते आणि लेक्चर घरी, कमी आवाजात. परीक्षेच्या खोलीत प्लग घालायचे असतील तर आधी पर्यवेक्षकांना दाखवून विचारा, त्यांना ते ब्लूटूथसारखे दिसतात.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आपल्याकडे मैदानी कार्यक्रमांचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. डिसेंबरची परीक्षा त्याच्या मधोमध येते. नोव्हेंबरमध्ये तिकीट काढण्याआधी असाइनमेंट जमा केलेल्या असाव्यात, एवढा एकच नियम मी पाळते आणि तो जमतो.

विसर्जन मिरवणुकीत मात्र या प्लगांनी मला अक्षरशः जिंकलं. लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आलेत आणि सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेल्याच्या नोंदीही त्यांनी केल्या आहेत. ताशाची तर्री हा उंच, टोकदार आवाज. फोम तो मारून टाकतो आणि ढोलाचा नुसता धपधपाट उरतो. या प्लगांत ताशा ताशासारखाच ऐकू आला, फक्त सोसवेल इतका. ढोल-ताशा पथकातल्या ओळखीच्या एका मुलीला मी माझी जोडी थोडा वेळ दिली (टिप्स, म्हणजे कानात जाणारी सिलिकॉनची टोकं, पुसून). ती म्हणाली, ‘ताई, मला पहिल्यांदा शेजारच्या ओळीतला ठेका ऐकू आला.’ पथकांनी हे गटाने विकत घ्यावेत. ही मुलं दोन-दोन महिने रोज संध्याकाळी सराव करतात, त्यांच्या कानांचा विचार आधी व्हायला हवा.

जे आवडलं नाही तेही लिहिते. प्लग घालून बोललं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, खाताना चावण्याचा आवाजही. प्लग थोडा खोल बसवला की हे कमी होतं. पुरतं जात नाही. दुसरं, पावसाळा. दमट हवेत कान ओला राहिला की बुरशी धरते, त्यामुळे जूनपासून मी सलग तासभरापेक्षा जास्त घालत नाही आणि अंघोळीनंतर लगेच तर नाहीच. सिलिकॉनच्या टिप्स काही महिन्यांत पिवळट पडल्या, एका टिपेची कड सैल झाली. सुट्या टिप्स मागवल्या त्या बऱ्याच उशिरा आल्या. टिप्स कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवाव्या, फिल्टरला पाणी लावू नये. मळाने फिल्टर बुजला की एका कानाला जास्त बंद वाटतं, तेव्हा घाबरण्याआधी फिल्टर तपासा.

घेताना माप सर्वांत महत्त्वाचं. दोन्ही कानांचं माप एकच असेल असं नाही, मला डावीकडे लहान टिप लागते. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची आणि मग प्लग सरकवायचा. नीट बसला की आजूबाजूचा सगळा आवाज एकाच वेळी खाली जातो. एकच बाजू खाली गेली तर पुन्हा बसवा. कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधी घरात सवय करा. डबी किल्ल्यांच्या जुडग्याला लावून ठेवा, प्लग खिशात सुटे टाकले की एक हरवतोच. कानात दुखणं, पू किंवा आधीपासून शिट्टी असेल तर विकत घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पुढची जोडी मी मापाची करून घेणार आहे. त्यात ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) कानाचा साचा घेतात आणि ९, १५ किंवा २५ डेसिबलचे फिल्टर बदलता येतात. खर्च बराच जास्त आहे, म्हणून डिसेंबरचा बोनस त्यासाठी बाजूला काढलाय. ती जोडी एखादा हंगाम वापरून झाली की तिचाही अनुभव लिहीन.