एक मोठा ग्राहक की अनेक लहान: शिलकी पैसा कुठे ठेवावा?

भोसरीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परिचित उद्योजकाने विचारले, की एका वाहन कंपनीचे काम पूर्णपणे स्वीकारावे की वीस-पंचवीस लहान ग्राहक टिकवावेत. हा प्रश्न विक्रीइतकाच शिलकी पैशाच्या गुंतवणुकीचाही आहे.

रोकड: एकच ग्राहक असल्यास त्याने महिनाभर उत्पादन थांबवले तरी पगार आणि बँकेचे हप्ते थांबत नाहीत, म्हणून बराच पैसा मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (गरज पडताच पैसे काढता येणारा अल्पमुदतीचा म्युच्युअल फंड) राखावा लागतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. पण ज्याच्यावर सारा कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस फार थोडे करतात. अनेक ग्राहकांत थकबाकी विखुरते, मात्र वसुलीचे कष्ट वाढतात.

यंत्रे: एका ग्राहकाच्या भागांसाठी बनवलेली डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) इतरत्र सहसा चालत नाही, त्यामुळे मालक यंत्राऐवजी शेअरकडे वळतो. मला हे धोक्याचे वाटते, कारण मंदीत मागणी आणि शेअर एकाच वेळी घसरू शकतात.

पुरवठादार: पत्रा एकाच ठिकाणाहून येत असेल तर आगाऊ रक्कम आणि जादा साठा यांतच पैसा अडकतो.

ज्याच्यावर कर्ज कमी आहे आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याने मोठे काम घ्यावे. कर्जाचा भार असलेल्याने लहान ग्राहक सोडू नयेत.